हौसामावशीचे सात शब्द

नवं मूल सांभाळायला आलं की हौसामावशी आधी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. ती त्याच्या आईला पकडायची. आईला कामावर जायची घाई, रिक्षा दाराशी उभी, रिक्षावाला हॉर्न वाजवून बेजार, आणि ही आपली पडवीत चटई अंथरून म्हणणार, "बसा ताई. च्या घ्या. आनि मला सात शबुद सांगा."

पाणी, भूक, झोप, दुखतंय, भीती वाटतेय, शू आलीय आणि आई. हे सात. त्या बाईच्या घरी, तिच्या बोलीत जसे म्हणतात तसे. पुस्तकातले नाहीत. मावशीला डोक्यावरचा पदर दातात धरून बोलायची खोड होती, त्यामुळे तिचा निम्मा शब्द पदरातच राहायचा. पण हे सात शब्द शिकताना ती पदर सोडून द्यायची आणि समोरचीच्या ओठांकडे टक लावून बसायची. एकेक शब्द दहादहादा म्हणायची. चुकत चुकत, जीभ वळवत, शेवटी ती बाई हसेपर्यंत. बाई हसली की मावशी म्हणायची, "झालं. जावा आता बिनघोर."

ही पडवी खोडदला होती. आमच्या खोडदला कांदा होतो, टोमॅटो होतो आणि शिवारात त्या प्रचंड पांढऱ्या अँटेना आहेत, आभाळातलं ऐकणाऱ्या. त्या प्रकल्पावर नोकरीला देशभरातून माणसं यायची. माझे वडीलही तसेच, धारवाडहून तंत्रज्ञ म्हणून आलेले. आम्ही गावातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आईला नारायणगावच्या शाळेत नोकरी लागली आणि मला कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला, तेव्हा शेजारच्या हौसामावशीने, "आण हिकडं, दोन करडांत तिसरं" म्हणून मला उचललं. माझ्यामागून बंगाली तुली आली, केरळचा जोजी आला, आणखीही एकदोन येऊन गेली. पाळणाघर हा शब्द मावशीला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर तिला रागच आला असता, कारण पाळण्यात निजवून ठेवणं तिला मुळीच मंजूर नव्हतं. आम्ही दिवसभर शेरडांमागे असायचो.

सात शब्दांचं हे गणित तिला तिच्या बापाने दिलं होतं. माहेर मेंढपाळांचं. लहानपणी हिवाळ्यात मेंढरं घेऊन घाट उतरायचे ते थेट कोकणात. "घाट उतारला का बोली बदलायची," ती सांगायची. "माजा बा म्हनायचा, हौशे, नव्या वाडीत गेलं का पानी त्येंच्या बोलीत मागायचं. मंग लोकं कुत्री सोडत न्हाईत." चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईने आयुष्यभराचं भाषाशास्त्र एवढ्यावर उभं केलं होतं, आणि मी पुढे त्या विषयाची जी जाडजूड पुस्तकं वाचली त्यांत याच्याहून फार वेगळं काही सापडलं नाही.

तिची रीतही ठरलेली. "आधी त्याचं, मग आपलं." मी तहानेने कुरकुरले की ती म्हणायची, "नीरु? पानी?" आणि मग तांब्या पुढे करायची. महिनाभर हे असं जोडीजोडीने चालायचं. मग एक दिवस मूल आपणच "पानी" म्हणायचं, आणि त्या दिवशी मावशी त्याला गुळाचा खडा द्यायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "नीरु" म्हणायला चुकायची नाही. माझी आई एकदा म्हणाली, "आता तिला मराठी येतंय की. कन्नड राहू द्या." मावशी म्हणाली, "पोरगी धावताना पडली तर 'अम्मा' म्हनून वरडती. तवा मी कोन्त्या भाषंत धावत जाऊ?"

मला खरंच आठवतंय, मी गोठ्याच्या दगडावर आपटले होते, कपाळाला खोक पडली होती, आणि धारवाडी कन्नडला खोडदी हेल लावून कुणीतरी विचारत होतं, "येल्ली नोवू गं? येल्ली?" कुठे दुखतंय. मी रडता रडता हसले म्हणे. तो उच्चारच तसा होता.

आयांना मात्र तिचा धाक होता. संध्याकाळी माझी आई मला न्यायला यायची ती कौतुकाने मोडक्या मराठीत माझ्याशी बोलायला लागायची. मावशी तिथल्या तिथे झापायची. "तुमची मराठी माज्यासंगं बोला, ताई. लेकरासंगं नगं. लंगडी भाषा लेकराला दिऊ ने. तुमच्यापाशी चांगली धडधाकट हाय की, ती द्या." माझ्या आईने हे मुकाट्याने ऐकलं, आणि म्हणून आज माझी कन्नड शाबूत आहे. या एका गोष्टीसाठी मी मावशीच्या पाया पडायला हवं होतं. पडले नाही. माणूस हयात असताना आपल्याला सुचत नाही, हेच खरं.

बाकी तिच्या तोंडात सगळ्यांचे शब्द असे मिसळून गेले होते की काही विचारू नका. बैल अडला की ती त्याला बंगालीत विचारायची, "खिदे पेयेछे?" भूक लागलीय का. बोअरवेलपाशी बायका तिची टिंगल करायच्या. "हौसे, तुज्या नवऱ्याशी कोन्त्या भाषंत भांडतीस गं?" ती म्हणायची, "त्येच्याशी भांडायला भाषा कशाला लागती? वरवंटा हाय की."

तिला खरोखर चिडलेली मी एकदाच पाहिली, ती जोजीपायी. जोजी तीन वर्षांचा झाला तरी धड बोलेना. बालवाडीतल्या कुणा शहाण्या बाईंनी त्याच्या आईला सांगितलं, घरी मल्याळम बंद करा, मुलाचा गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा, इंग्रजी. बिचारीने ऐकलं. पंधरा दिवसांत जोजी जे चार शब्द बोलायचा तेही थांबले. पडवीत येऊन खांबाला टेकून बसायचा, नुसता. मावशीने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या बापाकडून कारण काढून घेतलं, आणि हातातलं सूप तसंच टाकून, चपला न घालता त्यांच्या घरी गेली. आम्ही मागे. दारातूनच ती सुरू झाली, "ताई, तुमी घरात बोलनं बंद केलं? आवो, कोंबडी बी पिलांसंगं बोलती!" जोजीची आई रडायला लागली. तिला इंग्रजीही काही फार येत नव्हतं, त्यामुळे तीही पंधरा दिवस घरात गप्पच होती. तिलाही कुणीतरी बोल म्हणायला हवं होतं.

त्यानंतर महिन्याभरात जोजी बोलला. कुणाशी, तर शेरडाशी. आमचं एक उनाड करडू बांधावर चढून बसलं होतं आणि जोजी खालून त्याला दटावत होता, "इंगोट्टु वा! इंगोट्टु वा!" इकडे ये. आणि करडू आलं. मावशीने कडेवर पोर आणि बगलेत करडू अशी गावभर मिरवणूक काढली. दिसेल त्याला सांगत होती, "शेरडाला मल्याळी कळतीया, बालवाडीवालीला न्हाई कळत!"

इथवर सांगितलं ते सगळं खरं आहे, पण ते निम्मंच. कारण त्याच पडवीत आणखी एक मूल होतं. तिचा मुलगा, संतोष. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. आणि त्याच्याशी मावशी अगदी निराळी वागायची.

आम्ही परक्यांची पोरं काहीही बरळलो तरी कौतुक. संतोष घरच्या बोलीत बोलला की डोळे वटारलेच. "शुद्ध बोल. सायबांवानी बोल. तुला काय मेंढरं हाकायचीत?" तिला स्वतःला शुद्ध येत नव्हतं. मग ती माझ्या वडिलांना विचारायची, ज्यांची मराठी धारवाडी! रोज संध्याकाळी त्याने पेपर मोठ्याने वाचायचा आणि ही भाकऱ्या थापत ऐकायची. वाचताना अडखळला, गावाकडचा हेल आला की भाकरी थांबायची. तो पुन्हा वाचायचा. मेंढरांकडचे मामा घरी आले की ती संतोषला आत अभ्यासाला पिटाळायची, त्यांची बोली त्याच्या कानावर नको म्हणून. ते तिचे सख्खे भाऊ होते. आम्हाला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच आया मुलांना शिस्त लावतात, त्यातला प्रकार वाटला.

संतोष हुशार निघाला. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला, तिथून बंगळूरला नोकरीला. सुट्टीत यायचा तेव्हा आईशी इतकं स्वच्छ बोलायचा की रेडिओवरच्या बातम्या लागल्यासारखं वाटायचं. "आई, तुझी प्रकृती कशी आहे?" मावशी सगळ्यांकडे बघायची, ऐकलंत ना, अशा नजरेने. आणि मग दोघं गप्प बसायची. प्रकृती बरी आहे, यापुढे त्या भाषेत तिला काही बोलताच यायचं नाही. तासनतास ती पडवीत एकमेकांशेजारी बसलेली मी पाहिली आहेत, सोयाबीन निवडत. दोघांचंही एकमेकांवर प्रेम होतं आणि दोघांकडेही ते बोलायला भाषा नव्हती.

संतोषने नेहाशी लग्न केलं. ती इंदूरची, हिंदी बोलणारी, मोकळी, भली मुलगी. त्यांना अन्वी झाली. आणि नशिबाचा फेरा बघा, अन्वी बोलायला उशीर करू लागली. तिथल्या कुणीतरी तोच सल्ला दिला. एकच भाषा, इंग्रजी. नेहाने हिंदी सोडली. संतोषने तर मुलीदेखत मराठीचा शब्द काढायचा नाही असं ठरवून टाकलं.

तोवर मी मंचरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले होते. आईवडील नारायणगावात स्थिरावले होते, रविवारी मी त्यांच्याकडे असायचे. एका रविवारी मावशी एसटीने तिथे आली. गुडघे धरले होते, हाताशी काठी होती. चहाचा कप बाजूला ठेवला, दातातला पदर सोडला आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "पदमे, मला सात शबुद सांग. विंग्रजीतलं."

मी सांगितले. दुसऱ्यांच्या पोरांसाठी निम्म्या देशाचे शब्द शिकलेली ही बाई, साठी उलटल्यावर, स्वतःच्या नातीला पाणी हवंय का हे विचारता यावं म्हणून माझ्यापुढे शाळकरी पोरीसारखी बसली होती. "आर यू हंग्री?" ती म्हणायची, आणि 'हंग्री'ला असा काही जोर द्यायची की समोरच्याची भूक पळावी. चार रविवार ती आली.

मग दिवाळीला ते तिघं खोडदला आले. मीही मावशीच्या मदतीला तिथेच मुक्कामाला होते. पहिल्याच सकाळी अन्वी पडवीत आली तशी मावशी म्हणाली, "वॉटर? पानी?" जोडीने, तिच्या सवयीप्रमाणे. संतोष घाईने उठला आणि आईला आत चुलीपाशी घेऊन गेला. काही सांगायचं असलं की तो आईला असाच आत नेत असे, मुलीच्या कानावर मराठी पडू नये म्हणून. मी भिंतीपलीकडे होते. तो हळू आवाजात म्हणत होता, "आई, कृपा करून एकच भाषा. तिचा गोंधळ होतो. तू नाही बोललीस तरी चालेल."

मावशी बाहेर आली ती गप्पच. पुढचे तीन दिवस गप्प. अन्वी अंगणात करडांमागे पळत होती आणि ही खांबाला टेकून बघत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, जोजीच्या आईला तू अनवाणी जाऊन झापलंस. आता तुझं तोंड कुठे गेलं?"

ती काठीने जमीन उकरू लागली. "जोजीच्या आयला म्या न्हवतं शिकिवलं तसं वागाया," ती म्हणाली. "ह्याला शिकिवलं. आपलं ते हलकं, टाकून द्यायचं, आसं बारा वर्सं रोज शिकिवलं. धडा पाठ केला त्यानं. आता त्येच्या नावानं खडं फोडू व्हय?" आणि मग, "पर पदमे, माजी नात माज्याशी बोलल्याबिगर मोठी व्हनार गं." तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

निघायच्या दिवशी तिने संतोषला पडवीत बोलावलं. आत चुलीपाशी नाही, बाहेर, सगळ्यांदेखत. म्हणाली, "संतू, माजं चुकलं. दुनियेच्या पोरान्ला त्येंच्या आयांची भाषा द्यायची म्हनून म्या झटले आनि माज्या पोराकडची काढून घेतली. ती काय वाईट नव्हती रं. माज्या बापाची व्हती." संतोषचा चेहरा पांढराफटक पडला. तो गाडीत जाऊन बसला. गाडी येडगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मावशी तिथेच उभी होती.

पाच महिने त्याचा फोन आला तो प्रकृतीपुरताच. मावशी थकली. मला वाटलं, संपलं हे. आणि एप्रिलमध्ये त्याने विचारलं, "आई, सुट्टीत अन्वीला महिनाभर ठेवतेस का तुझ्याकडे?"

"कोन्त्या भाषंत ठिवू?" मावशीने विचारलं. रोखठोकच होती ती.

तो म्हणाला, "तुझ्या."

नेहा सोडायला आली. मावशीने तिला चटईवर बसवलं, चहा दिला आणि सात शब्द मागितले. नेहाने बिचारीने इंग्रजीतले सांगायला सुरुवात केली. मावशीने काठी आपटली. "ते हायेत माज्यापाशी. तुज्या आयच्या भाषंतलं सांग. इंदूरचं." नेहा आधी हसली, मग तिसऱ्या शब्दापाशी तिला हुंदका आला. तो महिना मावशी एका पोरीमागे तीन तीन भाषांचे तांबे घेऊन धावत होती, गुडघे विसरून. 'वॉटर, पानी' आणि इंदूरचंही 'पानी'च निघालं तेव्हा तिला कोण आनंद झाला! म्हणाली, "बघ, येक मेहनत वाचली."

मे संपताना संतोष मुलीला न्यायला आला. मी मुद्दाम गेले होते. तो पडवीच्या कडेला बसला, बूट न काढता, पाहुण्यासारखा. मावशी उंबऱ्यात. दोघांच्या मधे अन्वी, महिनाभरात चांगली बोलकी झालेली, पायांना माती, केसांत गवताच्या काड्या.

मावशी अन्वीकडे बघून म्हणाली, "जेवून जा म्हनाव. पिठलं टाकलंय. उपाशीपोटी येवढा लांब जाऊ नगं."

संतोषने मान खाली घातली. अन्वीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा बापाकडे. बापाला तिने जन्मात मराठी बोलताना ऐकलेलं नव्हतं. तिला त्याची दया आली असावी. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्याला समजावलं, की पप्पा, आजी म्हणतेय जेवून जा, तिने तुझ्यासाठी पिठलं केलंय, तू उपाशी जाऊ नकोस. आणि म्हणाली, घाबरू नको, तुला कळलं नाही तर मी सांगेन.

संतोष तिच्याकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "कळतंय गं मला. माजी आय हाय ती." आणि उंबऱ्याकडे वळून, "आये, लई भूक लागलीया. वाढ."

अन्वी आ वासून बघत होती. "पप्पा, तुला येतंय?"

मावशी उठायला गेली आणि तिला उठवेना. तिने पदराने तोंड झाकून घेतलं, आणि ती हसतेय की रडतेय ते कळेना. संतोषने बूट काढले, पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी उठवलं, आणि ती मायलेकरं आत चुलीकडे गेली. या वेळी दार उघडंच होतं. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, दोघंही एकदमच बोलत होती, मामांचं काय, मेंढरांचं काय, पाऊसपाण्याचं काय, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. श्रावणात मावशी गेली तेव्हा मी इथे नव्हते. मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या पिठल्याच्या दिवशीच, तव्यापुढे बसून, भाकरी करपतेय याचं भान नसलेली, लेकाशी बोलताना.